‘एन्ड्युरन्सचं जनुक’ आणि त्याच्या नावावर खपणाऱ्या चार गोष्टी

धावणाऱ्यांमध्ये एक दावा जोरात फिरतो आहे. एन्ड्युरन्सची, म्हणजे लांब पल्ला टिकून धावण्याची, निम्मी क्षमता जनुकांतून येते. केनियाचे धावपटू त्यांच्या खास जनुकामुळे जिंकतात. लाळेच्या चाचणीतून तुम्ही स्प्रिंटचे की मॅरेथॉनचे ते कळतं. आणि काहींचं शरीर ट्रेनिंगला दादच देत नाही, त्यांनी उगाच घाम गाळू नये. यातली एकही गोष्ट निव्वळ थाप नाही, म्हणून तर ती पसरते. प्रत्येकीच्या मागे खरं संशोधन आहे. घोळ आहे तो त्यातून काढलेल्या अर्थात.

‘निम्मी क्षमता जनुकांतून येते’

या आकड्याचा सर्वांत प्रसिद्ध आधार म्हणजे ‘हेरिटेज फॅमिली स्टडी’. संशोधक क्लोद बुशार्ड यांच्या गटाने ९८ कुटुंबांतल्या ४८१ बैठ्या सवयीच्या माणसांना २० आठवडे, आठवड्यातून तीनदा, सायकल अर्गोमीटरवर (जोर मोजणाऱ्या जागच्या सायकलवर) व्यायाम करायला लावला. व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप, सरासरी ४०० मिलिलिटरने वाढलं. पण काहींचं जेमतेम हललं, तर काहींचं लिटरभराहून अधिक वाढलं. वेगवेगळ्या घरांमधला फरक एकाच घरातल्या माणसांमधल्या फरकाच्या अडीचपट निघाला. १९९९ साली छापलेल्या निष्कर्षात या वाढीतल्या आनुवंशिकतेचा कमाल अंदाज होता ४७ टक्के.

‘कमाल’ हा शब्द पुढे ढकलताना गळून पडतो. एका घरातली माणसं जनुकांसोबत जेवणाचं ताट आणि सवयीही वाटून घेतात. अशा अभ्यासात हे पूर्ण वेगळं काढता येत नाही. दुसरं, ४७ टक्के हा वाटा माणसामाणसांतल्या फरकाचा आहे, तुमच्या क्षमतेचा नाही. ‘माझ्या वेगातला निम्मा भाग आईवडिलांचा’ असा त्याचा अर्थ होतच नाही. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: तिथे सर्वांना व्यायामाचा एकच साचा होता. सगळ्यांना सारखंच ट्रेनिंग दिलं की उरलेल्या फरकात जनुकांचा वाटा मोठा दिसणारच. एकजण आठवड्याला १० किलोमीटर आणि दुसरा १०० किलोमीटर धावतो अशा गटात हाच वाटा मोजला, तर तो आकसेल.

शिवाय हे सगळं सायकलवरचं, आणि तेही व्हीओटू मॅक्सचं. शर्यतीची वेळ तीन गोष्टींवर ठरते: व्हीओटू मॅक्स, त्यातला किती हिस्सा तासन्‌तास टिकवता येतो (लॅक्टेट थ्रेशोल्ड), आणि ठरावीक वेगाला किती ऑक्सिजन जळतो (रनिंग इकॉनॉमी). सारखाच व्हीओटू मॅक्स असलेले दोन धावपटू मॅरेथॉन काही मिनिटांच्या फरकाने संपवतात ते उरलेल्या दोन गोष्टींमुळे.

इथे दावेदारांच्या पदरात एक माप टाकायलाच हवं. इकॉनॉमीत शरीराच्या ठेवणीचा हात आहे आणि ठेवण बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वजन वाढलं की ऑक्सिजनचा खर्च साधारण १ टक्का वाढतो, कारण पाय हा लांब दांडा आहे आणि त्याच्या टोकाचं वजन प्रत्येक पावलाला झुलवावं लागतं. बारीक पोटऱ्यांचा फायदा याच हिशेबाने होतो. पण हे उघड्या डोळ्यांनी दिसतं, त्यासाठी लाळ कशाला?

‘केनियाच्या धावपटूंकडे खास जनुक आहे’

मग ते सापडायला हवं होतं. २०१६ साली अनेक देशांतल्या १,५२० अव्वल एन्ड्युरन्स खेळाडूंचा आणि २,७६० सर्वसामान्यांचा संपूर्ण जनुकसंच चाळला गेला. जागतिक दर्जाच्या खेळाडूंना इतरांपासून वेगळं काढणारा एकही सामाईक जनुकीय साचा निघाला नाही. अव्वल गिर्यारोहकांत एक आवृत्ती जास्त आढळल्यामुळे १९९८ मध्ये गाजलेलं एसीई जनुकही केनियाच्या अव्वल धावपटूंना बाकीच्या केनियन लोकांपासून वेगळं काढू शकलं नाही.

हा अपेक्षाभंग नाही. उंचीसारखा साधा गुणही हजारो जागांवरच्या बारीक बारीक फरकांतून घडतो. हृदय, रक्त, स्नायू, टाचेची शीर (अकिलीज टेंडन) आणि मन यांच्या बेरजेला एकच जनुक कसं पुरेल?

इतिहासही बघा. १९१२ ते १९३६ दरम्यान झालेल्या सहापैकी पाच ऑलिंपिकमध्ये १० हजार मीटरचं सुवर्ण फिनलंडने नेलं. १९३६ मध्ये तर तिन्ही पदकं. धावणं फिनिश रक्तातच आहे, असं तेव्हाही लिहिलं जायचं. फिनलंडच्याच लासे विरेनने १९७२ आणि १९७६ मध्ये ५ आणि १० हजार मीटर दोन्ही जिंकल्या, पण पुढे ती मक्तेदारी राहिली नाही. दोन-तीन पिढ्यांत रक्त बदलत नाही. आणि केनियाच्या पुरुषांकडे २०२४ पर्यंत १० हजार मीटरची ऑलिंपिक सुवर्णं किती? एक. नफ्ताली टेमू, १९६८.

केनियाचं वर्चस्व खोटं आहे असं मुळीच नाही. पण इटेनसारखी २,४०० मीटरवरची गावं, लहानपणापासूनची पायपीट, रोज सोबत धावणारे तगडे गट आणि धावण्यातून मिळणारं पोट हे सगळं वजा केल्यावर जनुकांसाठी किती उरतं, हे कुणी वेगळं काढून दाखवलेलं नाही.

‘लाळेची चाचणी प्रकार सांगते’

बहुतेक चाचण्यांचा हुकमी पत्ता म्हणजे एसीटीएन३. या जनुकाची एक आवृत्ती दोन्ही पालकांकडून आली (एक्सएक्स), तर वेगवान स्नायुतंतूंत अल्फा-ॲक्टिनिन-३ हे प्रथिन बनत नाही. जगात साधारण १८ टक्के लोक असे आहेत. अव्वल स्प्रिंटर्समध्ये ते क्वचित सापडतात, इथवर खरं. त्यावरून उलटी उडी मारून अहवालात छापतात: एक्सएक्स म्हणजे एन्ड्युरन्स.

आता गंमत. केनियात एक्सएक्सचं प्रमाण सुमारे १ टक्का आहे. म्हणजे ही चाचणी केनियाच्या जवळपास प्रत्येक मॅरेथॉनपटूला मॅरेथॉन सोडायला सांगेल.

एकाच जनुकाने मोठा फरक पडल्याचं खरं उदाहरण आहे: फिनलंडचा स्कीपटू एरो मॅंटिरांटा. एरिथ्रोपोएटिन, म्हणजे लाल पेशी बनवायला लावणारं संप्रेरक, ज्याला जाऊन चिकटतं त्या रिसेप्टरमधल्या दुर्मिळ बदलामुळे त्याच्या रक्तात लाल पेशी आणि हिमोग्लोबिन प्रचंड होतं. ऑलिंपिकची सात पदकं त्याने जिंकली. हा बदल एका कुटुंबात सापडला. बाजारातल्या चाचण्या विकल्या जातात त्या असल्या दुर्मिळ बदलांवर नाही, सर्वत्र आढळणाऱ्या किरकोळ फरकांवर. या क्षेत्रातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एकत्र येऊन स्पष्ट लिहिलं की गुणी खेळाडू शोधायला किंवा ट्रेनिंग ठरवायला अशा चाचण्या वापरू नयेत.

‘काहींवर ट्रेनिंगचा परिणामच होत नाही’

२०१७ मध्ये माँटेरो आणि लुंडबी या संशोधकांनी ७८ निरोगी पुरुषांचे पाच गट केले: आठवड्याला ६०, १२०, १८०, २४० आणि ३०० मिनिटं, सहा आठवडे. कमाल कार्यक्षमता न वाढलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ६९, ४०, २९, शून्य आणि शून्य टक्के. न वाढलेल्यांना आणखी सहा आठवडे, दर आठवड्याला १२० मिनिटं वाढवून दिली, तेव्हा एकही ‘नॉन-रिस्पॉन्डर’ उरला नाही. जनुकांमुळे लागणारा डोस बदलत असेल, पण दार बंद होत नाही.

म्हणून १२ आठवड्यांत प्रगती दिसली नाही तर आधी मोजमाप तपासा. घड्याळाच्या व्हीओटू मॅक्सवर विसंबू नका. तो हृदयगती आणि वेगावरून बांधलेला अंदाज असतो, उकाड्यात तो हमखास घसरतो. त्याच मार्गावर, त्याच वेळी, त्याच बुटांत ३० मिनिटं जोर लावून धावा आणि अंतर लिहून ठेवा. मग आठवड्याची मिनिटं मोजा. १५० च्या खाली असतील तर प्रश्न बहुधा तिथेच आहे. वाढवताना एका आठवड्यात उडी मारू नका: हृदय लवकर तयार होतं, टाचेची शीर आणि नडगीचं हाड मागे राहतं, आणि दुखापत तिथेच होते. सोप्या दिवशी धावताना पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर तो दिवस सोपा नव्हता. रोजच मध्यम जोर लावणाऱ्याचे पाय कठीण दिवसाला आधीच दमलेले असतात.

मिनिटं पुरेशी असूनही दम लागतोच, तर रक्तात हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, मोजून घ्या. पाळी येणाऱ्या स्त्रियांत आणि कमी खाऊन जास्त धावणाऱ्यांत लोहाचा साठा हिमोग्लोबिनच्या आधी घसरतो. फेरिटिन ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या मात्र सुरू करू नका, कारण हिमोक्रोमॅटोसिस या विकारात शरीर लोह साठवतच जातं. आणि तो विकार खरोखरच जनुकांतून येतो.