अंथरुणाला खिळण्यापूर्वी एवढं कराच

घरात कुणी अंथरुणाला खिळलंय आणि सरकारी मदत घ्यायची आहे? उत्तम विचार. परवाच एका खिडकीतून ‘पेशंटला प्रत्यक्ष घेऊन या’ असा सल्ला पुन्हा ऐकायला मिळाला, तेव्हापासून वाटतंय की ही विद्या आपल्यापुरती ठेवू नये.

सगळ्यात आधी वय बघून खिळा. निराधार वृद्धांना पेन्शन देणारी श्रावणबाळ योजना 65 ला सुरू होते, काठी-चष्म्याला पैसे देणारी मुख्यमंत्री वयोश्रीही 65 ला, पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड 70 ला. 58 व्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला तर घाई तुमची आहे, शासनाची नव्हे. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांग म्हणून बसता येईल, पण त्याला प्रमाणपत्र लागतं, आणि ते देणारे डॉक्टर सिव्हिलमध्ये ठरावीक वारीच बसतात. वारही बघून ठेवा.

दुसरं, गरीब असा, पण मोजून. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर श्रावणबाळसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत हवं. म्हणजे दिवसाला 57 रुपये, अख्ख्या घराचे. एवढ्यात चूल पेटवणारं घर सेतूचे, झेरॉक्सचे आणि फोटोचे पैसे कुठून आणतं, हे तलाठ्याला विचारू नका. उत्पन्नाचा अहवाल त्याच्याच हातात आहे. सगळं जुळलं तर महिन्याला 1500 मिळतात, दिव्यांग असाल तर 2500. नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर केंद्र सरकार वृद्धापकाळ पेन्शनचे म्हणून त्यात 200 घालतं, ऐंशी ओलांडली तर 500, आणि हे आकडे 2011 पासून हललेले नाहीत. 1500 म्हणजे रोजचे 50. मोठ्या माणसाचा डायपर त्यात एक येतो. लागतात तीन-चार. बाकीच्यांचं काय करायचं ते तुम्ही आणि तुमची जुनी लुगडी बघून घ्या.

रात्री पडू नका. ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 सकाळी 8 ते रात्री 8 चालते.

वय वंदना कार्ड जरूर काढा, उत्पन्नाची अट नाही. फक्त दवाखान्यात दाखल होण्याची सवय लावून घ्या. खर्च मिळतो तो भरती झाल्यावरचा, भरतीआधीचे 3 दिवस आणि डिस्चार्जनंतरचे 15 दिवस धरून. सोळाव्या दिवशी माणूस उठून चालू लागलेला असतो असं दिसतं. फिजिओथेरपिस्ट घरी येणार, जखमेची पट्टी घरी बदलली जाणार, असल्या कल्पना त्या कार्डात बसत नाहीत.

मुख्यमंत्री वयोश्रीचे 3000 रुपये एकदाच येतात. चष्मा, श्रवणयंत्र, तीन पायांची काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, मानेचा पट्टा, कमरेचा पट्टा. थोडक्यात, उठू-बसू शकणाऱ्यांसाठी भरगच्च यादी. व्हीलचेअरही आहे, पण बरी व्हीलचेअर 3000 त येत नाही. खरेदीचं बिल 30 दिवसांत चढवायचं, नाहीतर वसुली. खिळलेल्याला आधी लागतो तो हवा भरणारा एअर बेड. पडून पडून पाठीला होणारी जखम ज्यांनी पाहिलीय त्यांना कारण सांगायला नको.

आता मुख्य सल्ला: हजर राहा. हयातीचा दाखला, केवायसी, आधार अपडेट, अपंगत्वाची तपासणी, सगळ्याला माणूस समोर लागतो. नेण्याची रीत सांगतो. सकाळी लघवीची पिशवी रिकामी करा आणि वाटेत ती मूत्राशयाच्या पातळीच्या खालीच ठेवा. चौघे चादरीत घालून जिना उतरतात तेव्हा ती नेमकी पेशंटच्या पोटावर ठेवली जाते, लघवी उलटी आत शिरते आणि तीन-चार दिवसांत हुडहुडी भरून ताप येतो. नाकात नळी असेल तर निघण्याआधी तासभर काही घालू नका. भरवून लगेच आडवं केलं तर पेज फुफ्फुसात उतरते. पाठ 30 ते 45 अंश वर हवी. आता ही पाठ वर ठेवणारी गाडी शोधा. 108 येणार नाही, ती तातडीची, आणि तिने येऊही नये. 102 गरोदर बायांची आणि तान्ह्या बाळांची. म्हातारं माणूस तहसीलला नेण्याचा नंबर अजून निघालेला नाही. रिक्षात झोपता येत नाही. उरली खासगी अँब्युलन्स, तिच्या येण्या-जाण्यात महिन्याचं अनुदान संपतं.

पोचलात की कळेल, टेबल पहिल्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, तिच्यावर चिठ्ठी आहे. वर गेल्यावर थम्ब. उतारवयात बोटांच्या रेषा झिजतात, राबलेल्या हातांच्या तर जास्तच. अंगठा पुसा, तर्जनी लावा, दुसरा हात लावा, पुन्हा अंगठा. डोळ्यांवर जावं तर मोतीबिंदू. चेहरा दाखवावा तर मोबाइल म्हणतो पापण्या मिटा-उघडा. स्मृतिभ्रंश झालेली आजी मोबाइलकडे बघून हसते. मग सर्व्हर जातो. मग साहेब जेवायला जातात. तोवर माणूस स्ट्रेचरवर त्याच पाठीवर पडलेला असतो. कूस दर दोन तासांनी बदलायची असते, इथे बदलायला जागा नाही. संध्याकाळी घरी आल्यावर माकडहाडापाशी लाल डाग दिसतो. बोटाने दाबून पाहा. पांढरा पडला नाही तर जखम सुरू झालेली आहे. दाखला एका दिवसात मिळाला, ती भरायला महिने जातील. आणि पुढच्या वर्षी पुन्हा या, कारण तुम्ही अजून जिवंत आहात की नाही याची शासनाला काळजी आहे.

नियम नाही असं नाही हो! रिझर्व्ह बँकेने 9 नोव्हेंबर 2017 ला बँकांना सांगितलंय की सत्तरीपुढच्यांना आणि आजारी, अपंग खातेदारांना पैसे, केवायसी, हयातीचा दाखला या सेवा घरी द्या. परिपत्रक छापून न्या. शाखेत बहुधा पहिली प्रत तुमचीच असेल. पोस्टमन 70 रुपयांत घरी येऊन जीवन प्रमाणपत्र काढून देतो, पण ते पेन्शनरांचं. 1500 वाल्या आजीला ते चालेल का, हे विचारायला पुन्हा त्याच खिडकीवर जा.

घरपोच सेवेची वाट बघायची असेल तर आरामात बघा, ती 2010-11 पासून कागदावर आहे. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम वाचा, मन भरून येतं: उपकेंद्रातून खिळलेल्यांना घरी भेट आणि घरच्यांना शुश्रूषेचं शिक्षण, प्राथमिक केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची ओपीडी, ग्रामीण रुग्णालयात दोनदा, शिवाय पुनर्वसन कर्मचाऱ्याच्या घरभेटी, जिल्हा रुग्णालयात 10 खाटांचा वॉर्ड. आयुष्मान आरोग्य मंदिराच्या 12 सेवांतही वृद्धांची आणि वेदनाशामक सेवा आहे. आशाताई घरोघरी भरून घेते त्या आरोग्याच्या प्रश्नावलीत, म्हणजे सीबॅक फॉर्ममध्ये, तर साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का? लागते, असं लिहून घेतात. लिहून घेतल्यानंतर काय?

आशाताईला बोलू नका. तिला कामागणिक मोबदला मिळतो, पिशवीत कॅथेटर मिळत नाही. आणि घरभेटी कशा करतात हे तिला चांगलं माहीत आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ती 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जाते. वार ठरलेले, फॉर्म ठरलेला, सहा भेटींचे 250 रुपये ठरलेले. म्हणजे यंत्रणेला घर सापडतं, जिना चढता येतो, तारीख पाळता येते. त्याच घरात आतल्या खोलीत आजोबा पडलेले असतात. त्यांच्यासाठी तारीख नाही, भेटीचा फॉर्म नाही, पैसे नाहीत. हे जमत नाही म्हणू नका, हे कुणी ठरवलेलं नाही!

आणि ठरवायची गरजही वाटत नाही, कारण घरात सून आहे. मुलगी आहे. ती कूस बदलते, नळी धुते, शेक देते, नोकरी सोडते, आणि सरकारच्या हिशेबात तिचं मोल शून्य. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम 24 मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्ता लिहिलेला आहे. तालुक्याला जाऊन मागून बघा, कोणत्या टेबलावर पाठवतात ते.

केरळने 2008 मध्ये पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदनाशामक सेवेचं, धोरण केलं, आणि तिथे पंचायतीच्या पैशातून नर्स गाडीत बसून घरोघरी जाते, पट्टी बदलते, कॅथेटर बदलते. तिथल्या पंचायती काही सोन्याच्या नाहीत. आपल्याकडे एअर बेडला पैसे नसतात, आणि उद्घाटनाच्या मांडवाला असतात.

तेव्हा साहेब, सल्ले पुरे. प्रत्येक उपकेंद्राकडे आपल्या गावातल्या खिळलेल्या माणसांची नावं असलीच पाहिजेत. नसतील तर आठवड्यात होतील, फॉर्म भरलेले आहेत. त्या नावांपुढे बाळांसारख्या तारखा घाला आणि आशाताईला भेटीचे पैसे द्या. नर्सच्या हातात साहित्य द्या. ज्याला उठता येत नाही म्हणून अनुदान देता, त्याला ते सिद्ध करायला उठवून आणायची लाज वाटू द्या. हयात बघायची आहे ना? मग तुम्ही या, कोतवालाला पाठवा, तलाठ्याला पाठवा. आणि येताना 16 नंबरचा कॅथेटर, लघवीची पिशवी आणि ग्लव्हजचा एक डबा घेऊन या, घरातले संपलेत.