वॅटला वॅट जुळवून जुन्या अँपची जोडी जमत नाही

सोलापुरातल्या जुन्या स्टिरिओच्या शौकिनांत एक मेसेज या फोनवरून त्या फोनवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: अँपचे (म्हणजे अँम्प्लिफायरचे) आणि स्पीकरचे वॅट सारखे घ्या, नाहीतर स्पीकर जळतो. ओहम (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) बघत बसू नका, उलट चार ओहमला आवाज दुप्पट मिळतो. वूफर, म्हणजे खालचे सूर काढणारा स्पीकर, जेवढा मोठा तेवढा चांगला. जुन्या जपानी अँपचे वीस वॅट म्हणजे आजचे शंभर. आणि सेकंडहँड स्पीकर घेताना दीड व्होल्टचा सेल लावा, 'खट्' वाजलं की डोळे झाकून पैसे द्या. हे वाचून लोक कष्टाचे पैसे घालवतायत आणि चांगले अँप जाळतायत, म्हणून प्रत्येक मुद्द्याला उत्तर देतो.

पहिला मुद्दा वॅटचा, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे तो किती सहन करतो एवढंच. तो किती मोठा वाजेल हे त्यावरून कळत नाही. ते कळतं सेन्सिटिव्हिटीवरून, म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात यावरून. एक स्पीकर ९० डेसिबलचा, दुसरा ८४ चा धरा. वीस वॅटच्या अँपवर पहिला १०३ डेसिबलपर्यंत जातो. दुसऱ्याला तिथे पोचायला ८० वॅट लागतात, कारण दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट होतात. शहराच्या पूर्व भागात कित्येक घरांना लागूनच यंत्रमाग चालतात. त्या खटखटाटात गाणं ऐकायचं तर हा सहा डेसिबलचा फरक फार मोठा आहे, आणि तो वॅटच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

वॅट जास्त झाले की स्पीकर जळतो, हेही अर्धंच खरं. घरात ट्विटर, म्हणजे वरचे सूर काढणारा छोटा स्पीकर, मरतो तो बहुतेक वेळा छोटा अँप ताणल्यामुळे. अँपची ताकद संपली की आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटले जातात. त्यातून वरच्या पट्टीची जादा ऊर्जा तयार होते आणि ती थेट ट्विटरकडे जाते. ट्विटरला झेपतात जेमतेम काही वॅट. ५० वॅटच्या अँपवर २५ वॅटचा स्पीकर बेताने वाजवला तर वर्षानुवर्षं टिकतो. १५ वॅटचा अँप कोकलेपर्यंत पिळला तर ६० वॅटच्या स्पीकरचाही ट्विटर जाऊ शकतो.

इथे आणखी एक गोष्ट माहीत हवी. सत्तरच्या दशकातल्या अँपचं ऑक्स इनपुट (बाहेरचं यंत्र जोडायची जागा) साधारण दीडशे मिलिव्होल्टवर पूर्ण ताकद देईल असं केलेलं असतं. आजचा सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल बनवणारी डबी) दोन व्होल्टपर्यंत देतो, म्हणजे तेराएक पट. त्यामुळे नॉब घड्याळातल्या दहाच्या जागी असतानाच अँप संपलेला असू शकतो, आणि माणसाला वाटतं अजून अर्धा व्हॉल्यूम शिल्लक आहे. त्यात बास पूर्ण चढवला तर खालच्या सुरांना दहापट वॅट लागतात. नॉब कुठे आहे हे बघू नका. आवाज फाटायला लागला की मागे या.

ओहमचा सल्ला मात्र सरळसरळ घातक आहे. आठ ओहमला २० वॅट देणारा अँप साडेबारा व्होल्टच्या आसपास काढतो आणि दीड अँपिअरहून थोडा जास्त करंट देतो. तेवढ्याच व्होल्टला चार ओहम लावले तर करंट दुप्पट. कागदावर ४० वॅट दिसतात, पण छोट्या ट्रान्सफॉर्मरचा जुना अँप ते देऊ शकत नाही. तो फक्त तापतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, अँप काचेच्या शोकेसमध्ये कोंबलेला असतो, मग हीटसिंकने (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांनी) ती टाकायची कुठे? सान्यो कंपनीच्या एसटीके आयसीवर (अख्खा अँप एकाच चिपमध्ये) चालणारे अँप असतील तर जास्तच जपा. ती आयसी उडाली की अस्सल मिळणं कठीण, आणि बाजार नकली मालाने भरलेला आहे.

अँपच्या मागे वाचा. ए आणि बी या स्पीकरच्या दोन जोड्या जोडायच्या जागा, आणि बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं: ए किंवा बी, ४ ते १६ ओहम, ए आणि बी दोन्ही, ८ ते १६ ओहम. कारण आठ ओहमच्या दोन जोड्या समांतर लावल्या की चार होतात. गाडीतले काढलेले स्पीकर लाकडी खोक्यात बसवून विकतात, ते बहुतेक चार ओहमचे असतात. मंडळातून किंवा शाळेतून आलेला उभा कॉलम स्पीकर तर वेगळाच प्रकार आहे. त्यात १०० व्होल्ट लाइनचा, म्हणजे लांब तारेवर अनेक स्पीकर चालवायच्या पद्धतीचा, ट्रान्सफॉर्मर असतो. दहा वॅटच्या टॅपवर तो हजार ओहम दाखवतो, म्हणून स्टिरिओ अँपवर कुजबुजल्यासारखा वाजतो. स्पीकर खराब निघाला असं समजून लोक तो भंगारात देतात.

मोठ्या वूफरबद्दल फार लिहायला नको. बीबीसीचा एलएस३/५ए हा छोटा मॉनिटर स्पीकर बघा: वूफर जेमतेम पाच इंची, सेन्सिटिव्हिटी ८२-८३ डेसिबल, आणि माणसाच्या आवाजाच्या खरेपणासाठी आजही लोक तो शोधत फिरतात. दहा बाय दहाची खोली, शहाबादी फरशी, कोपऱ्यात बारा इंची खोकं: अशा खोलीत ५६-५७ हर्ट्झच्या आसपास घुमायला होतं आणि तबल्याचा बायाँ नुसता गुरगुरतो.

वीस वॅट म्हणजे शंभर? वॅट म्हणजे वॅट, जपानी असो की इथला. या समजाला मूळ मात्र आहे. अमेरिकेत १९७४ साली नियम आला की अँपचे वॅट दोन्ही चॅनेल सतत चालवून, डिस्टॉर्शन (आवाज किती बिघडतो ते) सांगूनच छापायचे. मॅरँट्झ कंपनीच्या २२२०बी या जुन्या सेटवरचे २० वॅट त्या मापाचे आहेत. नव्वदच्या दशकात खोक्यांवर हजार-हजार पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल ताकदीचे म्हणून फुगवलेले वॅट) छापायचे, त्या आकड्यांना काही अर्थच नव्हता. तुलना त्यांच्याशी केली तर जुना अँप दणकट वाटणारच.

राहिला सेल. सेलने कॉइल तुटलेली नाही आणि प्लस-मायनस कुठे आहे, एवढंच कळतं. ट्विटरला तो लावूच नका. मल्टिमीटरने आठ ओहमचा स्पीकर साडेपाच ते सातच्या दरम्यान दाखवतो, चारचा तीन-साडेतीन. मग दोन्ही हातांनी कोन (स्पीकरचा समोरचा हलणारा पडदा) समान दाबून खरखर येते का ऐका. कडेचा फोम बोटाने हलकेच दाबा. पंधरा-वीस वर्षांत तो कुजून भुगा होतो. रबर आणि कापड जास्त टिकतं. नुसता फोम गेला असेल तर घाबरू नका, तो बदलता येतो. पण मिरवणुकीचे स्पीकर भरणाऱ्याकडे देताना अख्खा कोन बदलू देऊ नका. जाड कडक कोन बसला की तो तुमचा स्पीकर राहत नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक तपासणी नवे-जुने स्पीकर जोडण्याआधी कराच. अँप चालू करून, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर जोडा. शंभरच्या वर असेल तर आधी मेकॅनिककडे न्या. आणि जपानमधून आलेला सेट असेल तर मागचा व्होल्टेज आकडा वाचल्याशिवाय प्लग लावू नका, कारण तिथल्या घरगुती मालावर १०० व्होल्ट असतात आणि आपल्या भिंतीत २३०.