फुकटचा सराव कसला?

"शांतिसेनेत गेल्यानं जवानांना फुकटात युद्धाचा सराव मिळतो" हे युनोच्या (संयुक्त राष्ट्रांच्या) शांतिसेनेतल्या आपल्या जवानांवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही बघा. माझा मावसभाऊ इन्फंट्रीत होता, शांतिसेनेतून वर्षभर आफ्रिकेतल्या काँगोला राहून आला, तिथं काम काय तर पांढऱ्या गाडीत गस्त, कॅम्पची राखण अन् गावकऱ्यांची भांडणं सोडवणं. परत आल्यावर रणगाड्यांसोबतचा, तोफखान्यासोबतचा सराव पहिल्यापासून गिरवावा लागला म्हणला. सबुरी लई शिकलो, पण ती सीमेवर कितपत कामाला येईल, असं त्याचंच म्हणणं (औंढ्याच्या जत्रेत बंदोबस्त केल्यासारखं वाटायचं म्हणे).

आता १२ लाखांच्या फौजेतले पाचेक हजार बाहेर गेले तर माणसं कमी पडत नाहीत, हे कबूल. खरी अडचण सामानाची. २०११ ला आपण काँगोतून लढाऊ हेलिकॉप्टरं माघारी आणली ती काहून? घरीच कमी पडत होती म्हणून! अन् लेखात श्रीलंकेतल्या मोहिमेचं नावसुद्धा नाही. ती युनोची मोहीम नव्हती, पण १९८७ ला शांतता राखायलाच गेलो होतो ना, अन् १९९० ला परत येईस्तोवर हजारावर जवान कामी आले.