उतरलेला पंचम

गेल्या शनिवारी धोबी तलावजवळच्या एका वाद्यांच्या दुकानात, वयाच्या ४६ व्या वर्षी, माझा पंचम, म्हणजे ‘प’ हा सूर, उतरलेला असल्याचे चारचौघांत जाहीर करण्यात आले. जाहीर करणाऱ्या गृहस्थांचा माझ्याशी संबंध एवढाच, की त्यांच्या पेटीचा भाता फाटला होता आणि तो दुरुस्त होईपर्यंत त्यांना दुसरे काम नव्हते.

मी तेथे १६,००० रुपयांचा, बिनपडद्याचा, म्हणजे मानेवर सुरांच्या जागा ठरवणाऱ्या आडव्या पट्ट्या नसलेला, बेस गिटार वाजवून पाहत होतो. १९७६ साली आलेल्या बेसवादक जाको पास्टोरियसच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत हे वाद्य माणसासारखे गळा काढून गाते, आणि माझेही तसेच गाईल, अशी माझी भाबडी समजूत होती.

“पडदे पडले वाटतं?” पेटीवाल्या काकांनी विचारले.

“नाही काका, याला पडदे नसतातच.”

“मग अहो,” ते विक्रेत्याकडे वळले, “पडद्यांचे पैसे वजा करा की यांना!” विक्रेत्यानेही एका पडद्याला किती धरायचे याचा विचार सुरू केल्यासारखा चेहरा केला. त्यानंतर काकांनी आपल्या व्याह्यांची कथा सांगितली. त्यांच्या सतारीचा एक पडदा साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सरकला होता आणि तो पुन्हा बसेपर्यंत त्यांनी मुहूर्त खोळंबून ठेवला होता. तात्पर्य, पडदा ही हेळसांड करण्याची गोष्ट नव्हे.

“पण मग सूर कुठे आहे हे कळतं कसं?”

“कानांनी. सरोदासारखं.”

हे वाक्य माझ्या तोंडून निघायला नको होते.

“वाजवा बघू.”

मी ‘ए’ची मोकळी तार षड्ज म्हणून छेडली आणि मानेच्या कडेवरील तिसऱ्या ठिपक्यापाशी, म्हणजे जेथे सातवा पडदा असता तेथे, बोट ठेवून पंचम काढला. काकांनी दाढ दुखत असल्यासारखे डोळे मिटले.

“बाळ,” ते म्हणाले, आणि अहोजाहो तेथेच संपले, “षड्ज आणि पंचम अचल असतात. तुझा चळला. तोही खाली.”

मींड येत नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, आणि सुरांमधल्या सूक्ष्म श्रुती जुळत नाहीत म्हणून ज्या पेटीला आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत दाराबाहेर ठेवले, तिच्या मालकाने मला सूर शिकवावा! हे उत्तर मला अर्थातच ते पेटी घेऊन निघून गेल्यावर सुचले.

मग मी विक्रेत्याकडून टेप मागून घेतली. ३४ इंचांच्या तारेचा पंचम बरोबर एक तृतीयांशावर, सुमारे २८.८ सेंटिमीटरवर असतो. ठिपका मात्र २७ वर होता. कारखान्याने पडदेवाल्या बेसची मान उचलून तशीच बसवली होती. पडदेवाल्या बेसवर ठिपके दोन पडद्यांच्या मधोमध असतात आणि तेथे बोट कोठेही पडले तरी सूर पडदाच ठरवतो. येथे तो बोटाखालीच ठरतो, त्यामुळे ठिपक्यावर विसंबणारा माणूस प्रत्येक स्वर सुमारे पाव स्वराने खाली वाजवतो.

“साहेब, या किमतीत असंच येतं,” विक्रेता म्हणाला. स्वस्त लाकूड मी समजू शकतो, भरड तारांबद्दलही तक्रार नाही. पण ठिपका योग्य जागी उमटवायला कोणता जास्त खर्च येतो, हे त्याला सांगता आले नाही, आणि पडद्यांचे पैसेही त्याने वजा केले नाहीत.

काकांना हे गाठून सांगावे म्हणून मी टेप हातात घेऊनच मरीन लाइन्स स्थानकापर्यंत गेलो. ते सापडले नाहीत. एव्हाना त्यांच्या भजनी मंडळात माझ्या पंचमाची गोष्ट दोनदा तरी सांगून झाली असेल.