नुसतं जगू नका, पॉइंट कमवा!

काय म्हणता, अजून नुसतेच जगताय? सकाळी उठता, दात घासता, कामाला जाता आणि याचे पॉइंट कुठेच जमा होत नाहीत? अरेरे! ऐका जरा.

सुरुवात झोपेपासून. जाग आल्यावर ताजंतवानं वाटलं म्हणून लगेच खूश व्हायचं नाही, आधी मनगटावरच्या स्मार्ट घड्याळात बघायचं. झोपेला १०० पैकी ६२ मिळाले असतील तर तुम्ही दमलेले आहात. द्या जांभई.

पाणी प्यायलात आणि नोंद केली नाहीत? मग ते पाणी वाया गेलं.

स्क्रॅच कार्ड आलं की खरवडा. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगातली कबुतरंसुद्धा दाणा कधी पडेल याचा नेम नसला की जास्त चिकाटीनं चोची मारायची. कबुतराला जमतं, तुम्हाला काय धाड भरलीय?

मुलांना ऊठसूट स्टार द्या. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रांची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधी कबूल करून लाल रिबिनीचं प्रशस्तिपत्र दिलं. एक-दोन आठवड्यांनी बघतात तर ही मुलं बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रं काढताहेत. घाबरू नका, स्टार वाढवा.

आणि पावलं! रोज दहा हजार. दहाच का, हे विचारायचं नाही. १९६५ साली जपानच्या एका घड्याळ कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र काढलं, नाव 'मानपो-केइ', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव खपलं, त्याबरोबर आकडाही खपला. आता तो धर्म आहे, पाळा. घरी कुत्रं असेल तर घड्याळ त्याच्या गळ्यात बांधा, पुण्य तुमच्याच खात्यावर.

पण स्ट्रीक, म्हणजे एकही दिवस न चुकवता पावलं पुरी केल्याची साखळी, तुटता कामा नये. माझी २१३ दिवसांची होती. अंगात ताप असताना रात्री पावणेबाराला मी जेवणाच्या टेबलाभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरलोय. घरचे दारातून बघत होते. बघेनात का, त्यांची स्ट्रीक थोडीच होती!

मागच्या आठवड्यात बाबांना दवाखान्यात नेलं. ते आत, मी बाहेर. बसवेना म्हणून त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या. शेवटी दार उघडलं, स्ट्रेचर बाहेर आलं. बाबांनी डोळे किलकिले करून विचारलं, "किती वाजले रे?" मी मनगट वळवलं. ते थरथरलं. स्क्रीनवर फटाके! 'शाब्बास! दहा हजार! असेच चालत राहा!' आणि लाज वाटते सांगायला, क्षणभर मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी घड्याळ चार्जिंगलाच राहिलं. स्ट्रीक शून्य. लगेच रडक्या तोंडाचं एक कार्टून हजर: 'आम्हाला तुमची आठवण येतेय. पैसे भरून स्ट्रीक परत मिळवा.'

आठवण येतेय? कुणाला रे? माझा बाप आत पडलेला असताना तू पावलं मोजत होतास! माणूस कशासाठी चालतोय याचा पत्ता नाही आणि निघाले शाबासकी द्यायला. वर स्वतःच तोडलेली वस्तू मलाच विकताय? आणि मीही कसला गाढव, बोट त्या 'पैसे भरा'वर टेकलंच होतं. बाबा समोर उत्तराची वाट बघत होते आणि मी फटाके संपायची.

अरे, घड्याळ आहेस ना? मग किती वाजले ते सांग!