टेबललँडची फेरी म्हणजे थेरपी नव्हे

‘पाचगणीला घोडे आहेतच, स्वमग्न मुलांना अधूनमधून फेरी मारून आणा’ हे घोड्यांच्या मदतीने होणाऱ्या थेरपीवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. आम्ही वाईचे. माझ्या स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाला पाचगणीच्या टेबललँड पठारावर घोड्यावर बसवलं, घोडेवाल्या दादांनी हौसेने घोडा पळवला आणि पोराने दोन्ही कान गच्च दाबून घेतले. पुढे कितीतरी दिवस लांबून घोडा दिसला तरी तो माझ्या ओढणीत तोंड लपवायचा.

थेरपीत घोडा पळवत नाहीत, संथ चालवतात. त्या चालीने मुलाची कंबर आपण चालताना हलते तशी हलते. एकजण घोडा धरतो, बाजूने माणसं चालतात, कधी थांबायचं ते थेरपिस्ट मुलाकडे बघून ठरवतात. हे लिहायलाच हवं होतं. परवा माझ्या मुलाने उभ्या घोड्याच्या मानेवर आपणहून हात ठेवला. मी मागे होते, ढकललं नाही.