लक्षद्वीपला जाता? खर्रा मोजून घ्या

पहिले तं मनाशी पक्कं करा की तुम्ही टुरिस्ट नाही. टुरिस्ट म्हणजे ते, जे हॉटेलात राहतात आणि बुफेच्या रांगेत प्लेट घेऊन उभे राहतात. तुम्ही लोकल लोकांच्या घरी राहणार, त्यांचं खाणार, त्यांच्यासारखं जगणार, आणि हे सगळं नागपूरच्या धरमपेठेतल्या मित्रांना निघायच्या दोन महिने आधीपासून सांगणार. गोव्याला आता आमच्या अपार्टमेंटचा वॉचमनही जाऊन आला ना बाप्पा, त्यात काय सांगण्यासारखं राहिलं?

बेट कोणतं ते तुम्हाला ठरवायचं नाहीच आहे. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांचे लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरचे फोटो आले, त्यावर मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी नको ते लिहिलं, आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ज्यांच्याकडे पासपोर्टच नाही त्यांनीसुद्धा मालदीवची तिकिटं कॅन्सल केली. तेव्हा लक्षद्वीपच. आम्ही त्याच्या पुढच्याच जानेवारीत गेलो, मी, बायको, पोरगा, साळा आणि साळ्याची बायको, त्यामुळे जे सांगून राहिलो ते अनुभवाचं आहे.

जायला परमिट लागतं. आता नागपूरच्या माणसाला परमिट म्हटलं की पहिले परमिट रूम आठवते, पण हे परमिट उलटं आहे, हे काढलं की दारू बंद होते. बंगारामचं बेट सोडलं तं बाकी सगळीकडे दारूबंदी. साळा म्हणे वर्ध्यात नाही का १९७४ पासून दारूबंदी, काही अडलं का कोणाचं? अगत्ती बेटावर उतरल्यावर त्याचं अडलं. तिथली बंदी म्हणजे खरोखरची बंदी असते हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, बिचारा दोन दिवस समुद्राकडे तोंड करून बसला आणि आम्ही फोटो काढून खाली "मेडिटेशन" लिहिलं.

तर परमिट. तिथे राहत नसलेल्या भारतीयालाही हे लागतं, १९६७ चे नियमच आहेत तसे, कारण तिथले जवळपास सगळे मूळ रहिवासी अनुसूचित जमातीत मोडतात आणि जागा म्हणाल तं सगळी बेटं मिळून ३२ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या नागपुरात अशी सहा लक्षद्वीपं मावून वरून फुटाळा तलाव उरेल. ३६ बेटांपैकी १० वर माणसं राहतात, २०११ च्या जनगणनेत ६४,४७३ होती. अशा ठिकाणी कोणीही उठून येऊन राहू नये म्हणून परमिट, एवढं साधं आहे. पण तुम्ही ते समजून घेऊ नका. तुम्ही अर्ज शेवटच्या आठवड्यात भरा, पोलिसांच्या दाखल्यासाठी नगरसेवकाच्या पीएला फोन लावा आणि "आपल्याच देशात आपल्याला परवानगी?" असं एक लांब स्टेटस टाका. आपल्या सोसायटीत रात्री दहानंतर पाहुणा आला तं गेटवर रजिस्टरमध्ये सही घेतो आपण, पण ते वेगळं.

नागपूरहून केरला एक्सप्रेसने एर्नाकुलम गाठा, मग कोचीहून अगत्तीचं छोटं विमान आहे किंवा जहाज. जहाजाला बेटाप्रमाणे चौदा-पंधरा तास किंवा जास्तही लागतात. जहाजच घ्या, कारण "जर्नी इज द थिंग" असं कुठेतरी वाचलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी मोठं जहाज बेटाला टेकतच नाही, बाहेरच्या खोल पाण्यात उभं राहतं आणि दारातून खाली हलणाऱ्या होडीत उतरावं लागतं. होडी वर येते, खाली जाते, वर आली की दोन माणसं तुमचे दंड धरतात आणि उचलून ठेवतात. तिथल्या आज्या हे पिशव्या घेऊन करून राहिल्या होत्या. तुम्ही मात्र दारात उभं राहून विचारा की लाईफ जॅकेट एक्सएल आहे का, मागे शंभर लोक थांबले तरी चालते.

सामानाचं राहिलंच. खर्रा मोजून घ्या. पन्नीत घोटलेल्या सुपारी-तंबाखूचे रोजचे तीन धरा, दिवस सहा, आणि साळ्यासाठी चार जास्तीचे. आणि घोटायची पन्नी नेऊ नका, पन्नी घासायचा आवाज त्या बेटावर इतक्या लांब जातो की तिसऱ्या घरातली माणसं बाहेर येऊन पाहतात. थुंकायचा प्रश्न येईल. जमीन पांढरी आहे. म्हणजे खरंच पांढरी, कोरलच्या चुऱ्याची, बेटच मुळी कोरलचं बनलेलं आहे, आणि सकाळी बाया अंगण झाडून त्यावर खराट्याच्या रेघा उमटवून ठेवतात. त्यावर पहिली पिंक पडली तेव्हा घरधनी काहीच बोलले नाहीत, आत गेले, करवंटीत वाळू घेऊन आले आणि त्यावर टाकून परत गेले. साळा म्हणे किती फ्रेंडली लोक आहे ना.

घरधन्याला काय म्हणावं हे आम्ही गाडीतच ठरवलं होतं, अण्णा. विंध्याच्या खाली, लुंगी दिसली की अण्णा, हा आपला नियम आहे. ते लोक मुसलमान आहेत, बोलतात जेसेरी नावाची मल्याळमच्या वळणाची बोली, आणि खाली मिनिकॉय बेटावर तं मालदीवच्या भाषेशी नातं सांगणारी महल बोलतात, अण्णाचा काही संबंध नाही. पण ते "अण्णा" म्हटल्यावर वळून पाहायचे. आता पाहुणा दिवसातून चाळीस वेळा एखाद्या नावाने ओरडत असेल तं माणूस वळेलच.

भाडं कमी करायला विसरू नका. लोकल लोक, त्यांना पैशाचं काय एवढं? मी दोन दिवस अण्णांशी घासाघीस केली, ते दरवेळी मान हलवायचे, आत जायचे, बाहेर येऊन तोच आकडा सांगायचे. मला वाटे की माणूस मुरलेला आहे. तिसऱ्या दिवशी कळलं की घर त्यांचं नाहीच, बायकोच्या आईचं आहे. या बेटांवर घराणं आईकडून चालतं, तरवाड म्हणतात, वडिलोपार्जित मालमत्ता बाईच्या वंशात राहते, आणि जुन्या रीतीत तं नवरा आपल्या आईच्या घरी राहायचा आणि रात्री बायकोकडे यायचा. लीला दुबे यांनी १९६९ मध्ये यावर अख्खं पुस्तक काढलं आहे, तुम्ही ते वाचू नका, नाही तं कोणाशी बोलायचं हे कळेल. ती म्हातारी रोज माझ्यापासून पाच फुटांवर नारळ सोलत बसलेली होती आणि मी तिला एकदाही नमस्कार केला नव्हता. साळ्याच्या बायकोने हे ऐकून साळ्याकडे जे पाहिलं, ते पाहायला मिळालं एवढ्यासाठी तरी माझे पैसे वसूल झाले.

जेवणाचं. "आम्हाला लोकलच खायचं आहे" हे पहिल्या दिवशी जोरात सांगा आणि दुसऱ्या दिवशी पनीर विचारा. टुना आणि नारळ सोडून तिथे जवळपास सगळं कोचीहून जहाजाने येतं, कांदा, बटाटा, टमाटे, तांदूळ, गॅस. पावसाळ्यात जहाजं कमी होतात तेव्हा एका टमाट्याची काय किंमत असेल ते तुमचं तुम्ही काढा. आमच्या बायकोने दुसऱ्या दिवशी माशावर टाकायला सांबार मागितला. आता सांबार म्हणजे कोथिंबीर हे चंद्रपूरपासून अमरावतीपर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण अगत्तीला ठाऊक असायचं कारण नाही. म्हातारीने मान डोलावली. सकाळी उठलो तं चुलीवर मोठं पातेलं, त्यात डाळ, शेवगा, भोपळा, गाजर, असं नव्हतं नव्हतं ते सगळं टाकून केलेलं सांबार, पाच माणसांना दोन दिवस पुरेल एवढं. घरात होती-नव्हती ती भाजी संपली हे टोपलीकडे पाहून कळत होतं. अशा वेळी काय करायचं ते नीट लक्षात ठेवा: हात हलवून म्हणायचं, "हे नाही, हिरवं हिरवं." आम्ही म्हटलं.

आता पाणी. इथे जरा थांबतो, कारण यात आम्ही खरंच कमाल केली.

त्या बेटाला नदी नाही, नाला नाही, डोंगर नाही, समुद्रापासून उंची म्हणाल तं बहुतेक जागी एखाद-दोन माणसांएवढीही नाही. पाऊस पडतो तो वाळूत मुरतो आणि खाली जे समुद्राचं खारं पाणी आहे त्याच्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो, दुधावर साय असते ना तसा. विहिरीत जे येतं ते हे. हळूहळू काढलं तं पुरतं, मोटर लावून भसाभस ओढलं की खालचं खारं वर येतं. कवरत्ती बेटावर २००५ मध्ये समुद्राच्या खोल थंड पाण्यावर चालणारा प्लांट बसवला, रोज लाखभर लिटर गोडं पाणी करतो, म्हणजे बघा, चारी बाजूंनी पाणी असून प्यायच्या पाण्याला कारखाना लागतो.

आम्ही पाच जण. जानेवारी होता, नागपुरात स्वेटर घालून निघालेलो आणि इथे नुसती चिपचिप. दिवसातून तीन आंघोळी, समुद्रातून आलं की परत एक, मीठ जायला पाहिजे ना अंगावरचं. मोटर सुरू करायचं बटन पोराने पहिल्याच दिवशी शोधून काढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा खारट लागला. मी अण्णांना बोलावलं आणि अत्यंत सभ्य भाषेत सांगितलं की भाऊ, पैसे घेता तं चहात साखर टाकायची असते. त्यांनी माझा कप उचलला, एक घोट घेतला, खाली ठेवला. विहिरीकडे गेले, बटनाचा फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकला. मग दोन बादल्या घेऊन समोरच्या गल्लीत गेले आणि कोणाच्या तरी विहिरीतून शेंदून आणल्या. दुसरा चहा आला, चांगला होता. मी म्हटलंही, "देखो, अब बरोबर बना!" कोणी चांगलं काम केलं तं कौतुक करावं माणसाने.

कूलर मागू शकता. मी मागितला. दमट हवेत कूलर चालत नाही, त्याला आपल्या मे महिन्यासारखी कोरडीठाक हवा लागते, हे शाळेतलं विज्ञान आहे, पण खसच्या ताट्यांवर वाढलेल्या माणसाला सांगून उपयोग नाही. एसी विचारला तं अण्णा लांब जनरेटरच्या आवाजाकडे बोट दाखवायचे. तिथली बरीचशी वीज डिझेलवर, आणि डिझेलही जहाजानेच.

बाकी बारीकसारीक. एक कुत्रा दिसत नाही बेटावर, मांजरी भरपूर, त्यामुळे रात्री इतकं शांत असतं की सीताबर्डीच्या माणसाला झोप लागत नाही, त्यासाठी ब्लूटूथ स्पीकर न्या. पाच वेळा अजान झाली की आवाजाबद्दल तक्रार करा, स्पीकर बंद न करता. वस्तीजवळच्या किनाऱ्यावर अंगभर कपडे घाला असं सांगतील, तेव्हा साळ्यासारखं बरमुडा कमरेच्या खाली ओढून दुकानात जा.

आणि कोरल आणायचंच. शोकेसमध्ये टेकडी गणपतीच्या फोटोशेजारी छान दिसतं. दगड नाही तो, बारक्या जिवांनी बांधलेलं आहे, बोटभर वाढायला वर्षं जातात, १९९८ मध्ये समुद्र तापला तेव्हा तिथलं कितीतरी पांढरं पडून मेलं, आणि ज्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपला ताडोबाचा वाघ राखला जातो त्याच कायद्याने हेही राखलेलं आहे. आपण वाघाचा दात खिशात घालून फिरत नाही, पण हे कसं, पडलेलंच असतं ना. साळ्याच्या बॅगेतून निघालं तेव्हा त्याने पोराचं नाव सांगितलं. पोरगा आठ वर्षांचा आहे, मामाकडे पाहत राहिला.

निघताना म्हातारीने दोन पुड्या दिल्या. एकीत नारळाचा गूळ, दुसरीत लाकडाच्या ढलपीसारखं काहीतरी काळं, कडक. मासमीन म्हणतात, टुना उकडून, धुरावर धरून, उन्हात वाळवून वाळवून इतका घट्ट करतात की महिनोन्‌महिने टिकतो, पावसाळ्यात जहाज आलं नाही की हेच किसून भातावर. म्हणजे तिने आपल्या पावसाळ्याच्या बेगमीतलं दिलं होतं. नागपूर येईपर्यंत एसी डब्यात लोक नाक वर करून वास कुठून येतो ते शोधायला लागतील म्हणून आम्ही ते एर्नाकुलम स्टेशनावरच बाकावर ठेवून दिलं, गूळ मात्र आणला, गूळ चांगला होता.

परत आल्यावर "रूट्स", "सिम्प्लिसिटी" वगैरे घालून लिहा. मला चारशे लाईक आले.

आता एकच अडचण होऊ शकते, तिच्यासाठी तयार राहा. निघताना गळ्यात पडून तुम्ही म्हणालेले असता की "कभी नागपूर आव, अपनाच घर है." हे लोक ते खरं धरतात. मार्चमध्ये अण्णांचा मेसेज आला. लेकीची परीक्षा संपते, तिला वाघ पाहायचा आहे, म्हातारीलाही आणतो, ती कधी रेल्वेत बसली नाही, ताडोब्याला जायच्या आधी दोन दिवस तुमच्याकडे थांबलो तं चालेल का? खाली हात जोडलेले.

घाबरायचं नाही. आधी एक आठवडा मेसेज उघडायचाच नाही, वरूनच वाचायचा. मग स्टेशनजवळच्या दोन लॉजचे नंबर पाठवायचे, सोबत संत्र्याचा इमोजी. त्यांनी परत विचारलं, "मे में आयेगा?" मी लिहिलं, मे में मत आव अण्णा, हमारे यहाँ पानी का बहुत प्रॉब्लेम रहता है.